मास्तरांचा रुमाल

१

मास्तरांनीच घालून दिलेला नियम मास्तरांनीच मोडला, असं प्रयोगशाळेतल्या प्रत्येकानं सांगितलं आणि सांगताना प्रत्येकानं मान खाली घातली. निरीक्षक बाईंना ते मान खाली घालणं खटकलं. कारखान्यांतले अपघात तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. दोष गेलेल्या माणसाच्या माथी बसला की मागे राहिलेले सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि तो कितीही दाबला तरी बाईंना ऐकू येई. इथं तसा निःश्वास कुणीच टाकला नव्हता. इथली माणसं खरंच हळहळत होती.

सुगंधी तेलांची पारख करणारी ती छोटी प्रयोगशाळा होती. खोलीत अजून गुलाबाचा वास कोंदलाय, असं सगळे म्हणत होते. बाईंना काही येत नव्हता. एका जुन्या दुखण्यात त्यांच्या नाकानं जो दगा दिला तो कायमचा. त्यांना दिसत होतं ते टेबलावरचं यंत्र, लहानशा फ्रिजएवढं, आणि त्याच्या ओव्हनचा बिजागऱ्यांसकट उखडून समोरच्या भिंतीपाशी पडलेला दरवाजा. हे यंत्र सांभाळणारे मास्तर त्या दरवाजासमोर वाकले होते. ओव्हनमध्ये साचलेला हायड्रोजन पेटला आणि दरवाजा त्यांच्या छातीवर येऊन बसला. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

यंत्राच्या वर फळ्यावर मास्तरांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'ओव्हनमधलं काहीही सोडायच्या आधी बोळातला गॅसचा कॉक बंद.' स्फोटानंतर माणसं भिंतीपलीकडच्या बोळात धावली तेव्हा कॉक सताड उघडा होता.

बाईंच्या वरिष्ठांचा फोन आला. "सरळ प्रकरण आहे. गेलेल्या माणसाच्या नावावर टाका आणि फाइल मिटवा. तो काही तक्रार करायला येणार नाही."

बाईंनी फोन ठेवला तोच मास्तरांची बायको आली. सोबत लेक होती. लेक याच प्रयोगशाळेत नमुने तयार करायच्या कामावर होती आणि गेले दोन दिवस ती कुणाशी धड बोललेली नव्हती. मास्तरीणबाई वस्तू न्यायला आल्या होत्या. पाकिटातून चष्मा निघाला, पेन निघालं, आणि करंगळीच्या पेराएवढी एक पितळी टोपी निघाली. ती टोपी मास्तरांच्या बंद मुठीत सापडली होती.

मास्तरीणबाईंनी पाकीट उलटं करून झटकलं.

"यांचा रुमाल कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कुठला रुमाल?"

"सकाळी मी हातात दिलेला. तो नाही म्हणजे त्यांनी कॉक बंद केला होता, बाई. ते विसरले नव्हते. एवढं मला कागदावर लिहून हवंय, दुसरं काही नको."

लेकीनं आईचा दंड धरला. "आई, चल ना घरी," ती म्हणाली.

२

रुमालाचं कोडं फिटरनं उलगडलं. गॅसच्या नळ्या टाकणारा हा माणूस बोलका होता, पण त्या दिवशी त्याचा प्रत्येक शब्द अडखळत होता.

"मास्तरांची पद्धत होती ती. कॉक बंद केला की त्याच्या मुठीला आपला रुमाल बांधायचा. मग कुणीही येवो, साहेब येवो नाहीतर साहेबाचा बाप, त्या कॉकला हात लावायचा नाही. ज्याचा रुमाल त्यानंच सोडायचा. सगळे पाळायचे. मीसुद्धा माझा कळकट रुमाल बांधायचो."

"रुमाल स्फोटानं उडाला असेल?"

"मध्ये अख्खी भिंत आहे, बाई. बोळात धूळसुद्धा हलली नाही. आणि मास्तरांची गाठ म्हणजे नखं मोडायची."

बाईंनी गळती हुंगणारं उपकरण मागवलं आणि दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून प्रत्येक सांधा स्वतः तपासला. हायड्रोजनला वास नसतो, त्यामुळे त्या बाबतीत तिथल्या सगळ्यांचीच नाकं बाईंच्या पंगतीतली. उपकरणानं कुठेही हूं की चूं केलं नाही. यंत्रातून बाहेर पडणारा गॅस नळीनं खिडकीबाहेर सोडलेला होता. काम चोख होतं.

"त्या सकाळी तुम्ही इथं कसे?"

फिटरनं खिशातून एक नवंकोरं कुलूप काढलं. "मास्तरांनीच बोलावलं होतं. म्हणाले, रुमालाऐवजी कॉकला कुलूप बसेल असं काहीतरी कर. मी म्हटलं, रुमालानं काय घोडं मारलंय? तर म्हणाले, रुमालाला माणसाची आठवण शाबूत लागते. मी हसलो. मला वाटलं, चेष्टा करतायत. साहेबांची परवानगी काढायला मी त्यांच्या खोलीत बसलो होतो, आणि तेवढ्यात तो आवाज झाला."

प्रमुख साहेब आपल्या काचेच्या खोलीत चहाच्या कपाकडे बघत बसले होते. चहावर साय धरली होती.

"पूर्वी आम्ही हेलियम वापरायचो," ते म्हणाले. "तेलाचा थेंब यंत्रात सोडला की त्याची वाफ होते. ती वाफ गॅस पुढे ढकलत नेतो, केसासारख्या बारीक, लांबच लांब नळीतून. तिला आम्ही कॉलम म्हणतो. ओव्हनमध्ये तिचं वेटोळं असतं. वाटेत वासातले घटक एकेक करून सुटे होतात. हेलियम मिळेनासा झाला, म्हणून हायड्रोजन घेतला. काम उलट लवकर होतं. फक्त तो पेटतो."

"फक्त," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कप बशीत जरा फिरवला.

"ओव्हनमध्ये हायड्रोजन साचला की यंत्र बंद पाडणारा सेन्सर असतो ना?"

"या यंत्राला बसत नाही. जुनं आहे. नवं मागवू, मागवू म्हणत राहिलो." साहेबांनी कप बाजूला सारला. "मास्तर म्हणाले होते, तोवर आम्ही डोळ्यांत तेल घालून राहू. मी त्यांच्या भरवशावर निर्धास्त झोपत होतो."

साहेब आणि फिटर स्फोटापर्यंत समोरासमोर बसून होते. काचेतून दोघंही बाहेर काम करणाऱ्यांना दिसत होते, आणि तेही सगळे एकमेकांच्या नजरेसमोरच होते. म्हणजे कॉकपाशी जायला मोकळी माणसं उरली तीन. स्वतः मास्तर, स्टोअर सांभाळणारा आणि लेक.

३

स्टोअर सांभाळणाऱ्याला सगळे कुलूपकाका म्हणत. खडूच्या तुकड्यालाही कुलूप लावणारा माणूस. त्यांचं स्टोअर जिन्याखाली होतं, बोळापासून बरंच लांब, आणि शेजारीच पाण्यापासून हायड्रोजन बनवणारं यंत्र ठेवलेलं होतं. मोठी नळकांडी साठवून धोका वाढवण्यापेक्षा लागेल तेवढाच गॅस तयार करायचा, ही युक्तीही मास्तरांचीच.

"मास्तर आले होते माझ्याकडे," कुलूपकाका म्हणाले. "त्यांनी कॉलम काढून ठेवला होता, बदलायचा होता म्हणे. कॉलम काढला की ओव्हनच्या छताला दोन भोकं उघडी पडतात, त्यांना पितळी टोप्या लावतात. एक त्यांना मिळाली होती. दुसरी न्यायला आले."

"दिलीत लगेच?"

कुलूपकाकांनी खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढला, पुन्हा आत ठेवला.

"बाई, हे लिहू नका. मास्तर दारात येऊन उभे राहिले आणि उभेच राहिले. मी विचारलं, काय देऊ? म्हणाले, थांब, सांगतो. बराच वेळ गेला. काय न्यायला आलो तेच त्यांना आठवेना. एवढा हुशार माणूस, नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता. शेवटी मीच एकेक खण उघडून दाखवत गेलो. टोपी दिसली तेव्हा चेहरा असा उजळला त्यांचा, लहान मुलासारखा. मूठ घट्ट मिटून घेऊन गेले."

काकांनी डोळे टिपले. बाईंनी पाणी मागितलं.

तेवढ्यात शेजारचं गॅसचं यंत्र गुरगुरायला लागलं. वर फिटर कॉक उघडून बघत असावा.

"हे असं मधूनच आवाज करतं?"

"गॅस ओढला जायला लागला की गुरगुरतं. कॉक बंद केला की गप्प. आम्ही त्याला मांजर म्हणतो." काका जरासे हसले. "त्या दिवशीही मास्तर असे समोर उभे असताना सुरू झालं. मी गमतीनं म्हटलं, मास्तर, तुमची मांजर उठली वाटतं. ते नुसतं हं म्हणाले."

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मास्तर आले तेव्हा ती गप्प होती?"

"अगदी गप्प."

"आणि ते इथं तुमच्या डोळ्यांसमोर असताना सुरू झाली. नक्की?"

"नक्की, बाई. का हो?"

बाई उठून उभ्या राहिल्या. मास्तरीणबाईंचं म्हणणं खरं ठरलं होतं. मास्तरांनी कॉक बंद केला होता. तो दुसऱ्याच कुणीतरी उघडला, आणि त्या वेळी मास्तर इथं, आपण कशाला आलो ते आठवत उभे होते.

४

मास्तरांचं घर दोन खोल्यांचं होतं. मास्तरीणबाई इस्त्री करत होत्या. घरात रुमाल वापरणारं माणूस उरलं नव्हतं, तरी त्या रुमालांनाच इस्त्री करत होत्या. लेक आतल्या खोलीत होती.

"तुमचं खरं होतं," बाई म्हणाल्या. "कॉक त्यांनी बंद केला होता. तसं मी लिहीन."

मास्तरीणबाई खाली बसल्या. इस्त्री उभी करायची शुद्ध मात्र त्यांना राहिली. संसारी बाईचे हात असे दुःखातही शहाणे असतात.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "लोक काहीही म्हणोत."

"रुमाल कसा होता?"

"पांढरा. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे टाके आहेत. हल्ली मी रोज सकाळी आठवणीनं एक हातात द्यायची. आधीचा तिकडेच राहायचा ना."

"राहायचा म्हणजे?"

मास्तरीणबाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काम झालं तरी कॉकवरचा सोडायचं राहून जायचं कधीकधी. वयच झालं ना. आमची चिऊ घेऊन यायची संध्याकाळी. बाबांचा रुमाल राहिला म्हणायची आणि दोरीवर टाकायची. तिच्या काही लक्षात आलेलं नाही. मी कळू दिलं नाही. उगाच पोरीच्या जिवाला घोर."

बाई खुर्चीत तशाच बसून राहिल्या. गुडघा ठणकत होता, पण त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ज्याचा रुमाल त्यानंच सोडायचा. साहेबांनाही तो नियम मोडायची छाती झाली नसती. असले नियम लागू नसतात ते फक्त घरच्या माणसांना.

आपण हे घर आता सोडून जावं आणि वरिष्ठांनी सांगितलं तसं लिहून मोकळं व्हावं, असं बाईंना क्षणभर फार वाटलं. मग त्या उठल्या आणि आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या.

"चिऊ," त्यांनी घरच्या नावानंच हाक मारली, "तो निळ्या टाक्यांचा रुमाल तुझ्याकडे आहे ना?"

५

लेकीनं उशीखालून रुमाल काढला. मधोमध गाठीची चुणी तशीच होती.

"सोडायला फार वेळ लागला," ती म्हणाली. "गाठ घट्ट होती."

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. "सांग मला."

"बाबा विसरायला लागले होते. कुणाला कळू नये म्हणून मी त्यांच्या मागून फिरायचे. त्यांनी उघडं टाकलेलं झाकायचे, बंद राहिलेलं उघडायचे. कॉकवर रुमाल राहिला की आधी जाऊन ओव्हन बघायचे, सगळं जागच्या जागी असलं की मग सोडायचे. आदल्या दिवशी माझी दाढ दुखत होती, लवकर निघाले, मागे राहून बघायला जमलं नाही. त्या सकाळी बाबा माझ्या आधी गेले होते. मी पोचले तर कॉकवर रुमाल. मला वाटलं, कालचाच राहिलाय."

"ओव्हन बघितला नाहीस."

"वेळच नव्हता. यंत्राला सकाळी आपोआप तापायची वेळ लावलेली असते, ती होत आली होती. बाबांनी मला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं, सांगू? गॅसशिवाय आच द्यायची नाही. आत कॉलम असला आणि गॅस नसला तर कॉलम जळतो. हेलियम असताना आम्ही सगळे हेच घोकायचो. कॉलम जळला असता तर साहेबांनी विचारलं असतं, आणि बाबांचं विसरणं उघड्यावर आलं असतं. म्हणून मी घाईनं गाठ सोडली आणि कॉक उघडला. त्यांची चूक झाकायला गेले, बाई. आणि त्या दिवशी त्यांचं काही चुकलंच नव्हतं."

कॉलम त्यांनी काढून ठेवलेला होता. रिकामा ओव्हन कितीही तापला तरी बिघडणार नव्हतं. पण लेकीनं कॉक उघडल्यावर टोपी नसलेल्या भोकातून हायड्रोजन बंद ओव्हनमध्ये उतरत राहिला. तिकडे मास्तर टोपी आठवत उभे होते. ते परत येऊन दार उघडायला वाकले, नेमकं तेव्हाच यंत्र ठरल्याप्रमाणे जागं झालं आणि आतली तार तापली. बाईंनी हे मनातल्या मनात एकदा जुळवून पाहिलं. सगळं चपखल बसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

"गप्प का राहिलीस?"

"आधी वाटलं, बाबांचं विसरणं लपवतेय. मग कळलं, मी मलाच लपवतेय. आई रोज म्हणायची, ते विसरले नव्हते. मला जेवण जात नव्हतं."

दारात आवाज झाला. मास्तरीणबाई उभ्या होत्या. किती वेळ, ते दोघींनाही कळलं नाही.

"तुला माहीत होतं?" त्यांनी लेकीला विचारलं. "ते विसरतात ते?"

"वर्षभर."

"मला वाटायचं, मी एकटीच सांभाळतेय."

"त्यांनाही माहीत होतं," बाई हळूच म्हणाल्या. "त्यांनी कॉकला कुलूप करायला सांगितलं होतं. फिटर त्याचसाठी आला होता त्या दिवशी."

तिघं एका घरात राहत होते, एकाच ताटलीतलं खात होते, आणि एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते. एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी मास्तर आज घरात असते. बाईंना वाईट वाटलं आणि रागही आला. कुणाचा, ते त्यांना सांगता आलं नसतं.

मास्तरीणबाई पुढे आल्या. त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले.

"बाई, तुम्ही अजून लिहिलं नाही ना? मग असं लिहा, की ते विसरले. कॉक त्यांच्याकडूनच उघडा राहिला. त्यांच्या नावावर लिहा."

"तुम्हीच तर म्हणाला होतात—"

"म्हणाले होते. आता हे म्हणतेय. पोरीनं शाळेत शाई सांडली तरी ते आपल्या हातून सांडली म्हणून सांगायचे. ते काही तक्रार करायला येणार नाहीत."

हेच शब्द दोन दिवसांपूर्वी फोनवर ऐकले तेव्हा बाईंना चीड आली होती. आता त्यांना या बाईच्या डोळ्यांकडे बघवेना. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"नाही, आई," लेक म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता, पण थांबला नाही. "त्यांनी कॉक बंद केला होता. रुमाल बांधला होता. एवढं सगळं विसरत होते, पण ते विसरले नाहीत. ते त्यांचं आहे. ते मी घेणार नाही. लिहा, बाई. रुमाल मी सोडला."

बाईंनी कागद मांडीवर घेतला. सुरुवात त्यांनी सेन्सर नसलेल्या ओव्हनपासून केली, आणि कुलपाच्या जागी रुमालावर भिस्त ठेवून निर्धास्त झोपणाऱ्या साहेबांपासून. मग लिहिलं, कॉक मास्तरांनी नियमाप्रमाणे बंद केला होता. त्याखाली लेकीचं वाक्य लेकीच्याच शब्दांत लिहिलं.

मास्तरीणबाई पलंगावर लेकीला खेटून बसल्या. निळ्या टाक्यांचा रुमाल त्यांनी उचलला, गाठीची चुणी अंगठ्यानं सपाट करून पाहिली. ती जाईना. मग त्यांनी तो तसाच लेकीच्या तोंडापुढे धरला.

"नाक पूस," त्या म्हणाल्या.